इंजिन बसलं: स्वतः बदलायचं की मिस्त्रीच्या हवाली करायचं?

आंबा घाट चढताना माझ्या वॅगन-आरचा टेंपरेचरचा काटा आधी चढला आणि दोन-तीन वळणांनंतर आपणहून खाली आला. मी खूश. बायकोला म्हटलंसुद्धा, "बघ, उतरला की नाही!" पुढच्या चढाला गाडीनं दम टाकला, टक-टक-टक असा आवाज केला आणि बंद पडली ती पडलीच. कोल्हापुरातले आमचे मिस्त्री फोनवर म्हणाले, "काटा खाली आला म्हंजे पाणी संपलं, दादा. सेन्सरला लागायला पाणीच न्हाई, तर काटा काय दावणार? आता सेल्फ तेवढा मारू नगा." माझा तोवर चारदा मारून झाला होता.

पुढे ते इंजिन मी स्वतः उतरवलं आणि दुसरं चढवलं. त्यामुळे "हे घरी जमतं का?" असं लोक मला विचारतात. जमतं. पण जमतं का हा चुकीचा प्रश्न आहे. यूट्यूबवरचे इंजिन बदलायचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिकडे मजुरी महाग आणि घराला गॅरेज. आपल्याकडे नेमकं उलटं: मजुरी स्वस्त आणि जागा दुर्मीळ. मला इंजिन उतरवून चढवायची मजुरी सांगितली होती ८ हजार. दुसऱ्या गाडीतून निघालेलं, वापरलेलं इंजिन २२ हजारांचं आणि किरकोळ म्हणवणारं सामान १४ हजारांचं. हे माझ्या वेळचे आकडे, आज वेगळे असतील. पण मजुरी हा बिलातला सगळ्यात लहान आकडा असतो, हे बदललेलं नाही. त्या ८ हजारांतले ५ हजार माझे हत्यारं विकत घेण्यात आणि चुकलेलं सामान परत आणण्यात गेले. पैसे वाचवायला निघालेल्याने इथेच वाचन थांबवून मिस्त्रींना फोन लावलेला बरा.

मग का करायचं? एकच कारण मला पटतं. आत काय गेलं, कोणता सील बदलला, कोणता तसाच राहिला, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं. या कारणासाठी तीन-चार शनिवार-रविवार घालवायची तयारी असेल तर पुढे वाचा.

आधी मढं तपासा

इंजिन खरंच गेलंय का? "सीझ झालंय" म्हणून टोचन करून आणलेल्या गाड्यांपैकी काही गाड्यांचा नुसता एसीचा कॉम्प्रेसर जाम झालेला असतो. म्हणून इंजिन शोधायला निघण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. चारही स्पार्क प्लग काढा आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे लिहून ठेवा. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला हातानं फिरवा. प्लग काढलेले असल्यामुळे ते सहज फिरायला हवं. फिरलं नाही तर बाहेरचे पट्टे काढून परत प्रयत्न करा. आता फिरलं तर दोष अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा कॉम्प्रेसरचा, इंजिन निर्दोष. तरीही हललं नाही तर सेल्फ खोलून बघा, त्याचं पिनियन फ्लायव्हीलमध्ये अडकलेलं असू शकतं. त्यानंतरही ढिम्म, तर प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी न हललेलं इंजिन सीझ समजायला हरकत नाही. पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका, बोल्ट तुटला तर नवं दुखणं.

पुराच्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीचं वेगळं असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर-सांगलीत हे अनेकांनी पाहिलं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, हातानं फिरवून पाणी बाहेर काढलं असतं तर वाचलं असतं असं इंजिन एका सेल्फमध्ये कामातून जातं.

इंजिन फिरतंय पण चालत नाहीये, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. गेज लेथवाल्याकडे किंवा ओळखीच्या गॅरेजात मिळतो. सगळे प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, इग्निशन कॉइलचा कनेक्टर काढलेला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, मग पाच-सहा सेकंद सेल्फ. अशा छोट्या पेट्रोल इंजिनात धडधाकट आकडा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १२ ते १४ किलोच्या घरात येतो. नेमकी मर्यादा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. पण नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. एक सिलिंडर पडलेला असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर गेलाय. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधली सीलबंद करणारी पट्टी). शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे उडालंय, असं जवळजवळ डोळे झाकून सांगता येतं.

शेवटी ऑइल. ड्रेन करून पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात घ्या. दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे कूलंट मिसळलं. (पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस येतोच, त्याला घाबरू नका. डिपस्टिकवर आणि डब्यात काय दिसतं ते महत्त्वाचं.) उन्हात ऑइलला चकाकी दिसली तर बेअरिंग झिजलंय. चुंबक फिरवून "काही लागत नाही" म्हणून खूश होऊ नका, बेअरिंगचा वरचा थर लोखंडाचा नसतोच. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. माझ्या फिल्टरच्या घड्यांमध्ये जरीच्या काठासारखी सोनेरी रेघ होती. ती बघितल्यावर हेड गॅस्केटवर भागेल ही आशा सोडली.

बदलणं हा चारांतला एक मार्ग

नुसतं गॅस्केट उडालं असेल तर टॉप ओव्हरहॉल: हेड उतरवायचं, लेथवर फेसिंग करून (तळ घासून सपाट करून) घ्यायचं, व्हॉल्व्ह बसवायचे, नवं गॅस्केट. हेडवर सरळ पट्टी धरून खाली फीलर गेज घालून बघा, ०.०५ मिलिमीटरची पाती शिरत असेल तर हेड वाकलंय. हे काम इंजिन जागेवर ठेवून होतं आणि नवशिक्यानं करण्यासारखं आहे.

रिंगा-बोअर गेले असतील तर बोअर करून पूर्ण ओव्हरहॉल. ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर वाढीव पिस्टन घालतात. इंजिन गाडीचंच राहतं, त्यामुळे नंबर तोच आणि कागदांची कटकट शून्य. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर असताना हा मार्ग सहज सोडू नये, तिथल्या मशीनशॉपवाल्यांच्या हाताखालून ऑइल इंजिनांपासून सगळं गेलंय. ब्लॉक फुटलेला किंवा क्रँक कामातून गेलेला असेल तरच दुसऱ्या इंजिनाकडे वळा. ते हेडशिवाय, हाफ इंजिन म्हणून मिळतं किंवा हेडसकट पूर्ण, भंगारबाजारातून किंवा नवं.

चौथा मार्ग गाडी आहे तशी विकणं. सगळा खर्च जोडा, वर एक चतुर्थांश अनपेक्षित म्हणून धरा, कारण तो लागतोच. ही बेरीज चालू गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेली तर मन घट्ट करा. मी निम्म्याच्या किंचित वर होतो आणि तरी केलं. गाडी वडिलांची होती.

मग स्वतःच का, याचा हिशेब

पहिला प्रश्न जागेचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम होत नाही. ऑइलचा पहिला डाग पडला की सेक्रेटरी खाली येतात, आणि इंजिनाविना गाडी महिनाभर तिथेच उभी राहणार असते. डोक्यावर छप्पर, खाली सपाट कोबा आणि रात्री कुलूप लागेल अशी जागा लागते. मला मामांचं गुऱ्हाळघर मिळालं. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, आणि काहील उचलायची चेन पुली वर लोखंडी तुळईला टांगलेलीच होती. पाक भरलेली काहील पेलणाऱ्या त्या पुलीला माझं इंजिन म्हणजे पोरखेळ. मामांची अट एकच: "दसऱ्याच्या आत गाडी हलली पाहिजे, नाहीतर तुझ्या गाडीवरच आधण ठेवतो."

पुली कशाला टांगायची यावर तडजोड नको. आंब्याची फांदी, पत्र्याच्या शेडचा पाइप, दाराची चौकट, हे सगळं लोक वापरतात, आणि मग बोटं गमावलेले मिस्त्री आपल्याला दिसतात. छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट शंभर किलोच्या पुढे जातं. तुळई त्याच्या कितीतरी पट भार घेणारी हवी. शंका असेल तर चाकांची इंजिन क्रेन भाड्यानं आणा.

दुसरा प्रश्न गाडीचा. २०१० च्या आधीची वॅगन-आर, १०६१ सीसी, चार सिलिंडर, साधं पेट्रोल इंजिन. अशा किंवा याहून जुन्या गाडीवर हात साफ करायला हरकत नाही. बीएस-६ टर्बो पेट्रोल किंवा कॉमन रेल डिझेल असेल तर मी स्वतः करणार नाही, आणि तुम्हीही करू नका असं म्हणेन. तिथे इंजेक्टर बदलला की त्याचा कोड ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो, त्याला स्कॅनर आणि सवय दोन्ही लागतं. सीएनजी असेल तर गॅसच्या लाइनला हात लावायचाच नाही. टाकीत २०० बारचा दाब असतो. ते काम अधिकृत किटवाल्याकडूनच सोडवून आणि जोडून घ्या.

तिसरा प्रश्न माणसाचा. एकट्यानं इंजिन उतरवायचं नाही. पुली ओढणारा एक, इंजिनाला दिशा देणारा एक. आणि असा एक मिस्त्री ओळखीचा हवा, जो फोन उचलेल आणि हसणार नाही.

तिन्हींपैकी एकाचंही उत्तर "बघू" असेल तर मधला रस्ता घ्या. तो मला आता सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो: तपासणी तुमची, इंजिन निवडून आणायचं तुम्ही, सामान तुमच्या हातचं, उतरवणं-चढवणं मिस्त्रींचं, आणि क्लच बसवायच्या दिवशी रजा टाकून शेजारी उभं राहायचं.

कागद, पैसे देण्याआधी

इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच आरसीवर असतो. ब्लॉक बदलला की आरसी खोटी ठरते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओला १४ दिवसांत कळवून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. मी सुचवेन की इंजिन आणण्याआधीच आरटीओत जाऊन कोणते कागद लागतील ते विचारून या. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती आधी घ्या. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा, कारण पॉलिसीवर जुना छापलेला असतो आणि अपघातानंतर सर्व्हेअर तो पडताळतो.

याचा अर्थ भंगारबाजारात इंजिन बघताना नजर आधी नंबरावर. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वर जाड रंग दिलेला नंबर दिसला की भाव कितीही चांगला असो, निघून या. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या बॉनेटखाली असणं कसं असतं हे पोलीस ठाण्यात समजतं. बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत मागा. "कच्च्या बिलात हजार कमी करतो" असं मलाही सांगितलं गेलं. त्या हजारात आरटीओची खिडकी उघडत नाही.

नंबरानंतर तब्येत. दुकानदाराच्या टेबलावर इंजिन हातानं फिरवून बघा. तुमचा गेज नेलेला असेल तर बॅटरी जोडून कॉम्प्रेशन मोजू द्या म्हणा. नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. ऑइलचं झाकण उघडून बोट फिरवा. काळं डांबर लागलं तर त्या मालकानं ऑइल बदललेलंच नाही. माउंटिंगचे कान तुटलेले नाहीत ना, सेन्सरच्या जागा तुमच्यासारख्याच आहेत ना, हे जुन्या इंजिनाच्या मोबाइलवरच्या फोटोंशी ताडून बघा. इंजिन त्याच मॉडेलचं, त्याच इंधनाचं आणि त्याच किंवा पुढच्या बीएस मानकाचं हवं.

उतरवताना

पायऱ्या मॅन्युअलमध्ये आहेत, इथे फक्त ज्या ठिकाणी मी ठेच खाल्ली ती सांगतो.

बॅटरीची मायनस तार सगळ्यांत आधी. बॉनेट काढण्यापूर्वी बिजागरांभोवती मार्करनं रेघ मारा, नाहीतर नंतर फटी जुळवण्यात अर्धा दिवस जातो. प्रत्येक वायरचा, प्रत्येक पाइपचा फोटो, आणि जोडीला कागदी चिकटपट्टी लावून दोन्ही टोकांना एकच आकडा. मी फोटोंवर विसंबलो आणि दोन सारख्या दिसणाऱ्या व्हॅक्यूम नळ्यांनी मला दोन तास फिरवलं. बोल्ट दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत, वर चिठ्ठी.

एसीची लाइन खोलू नका. कॉम्प्रेसर बोल्ट काढून पाइपांसकट बाजूला सरकवा आणि तारेनं बांधून ठेवा, गॅस वाचतो. पेट्रोलच्या नळीत दाब शिल्लक असतो. पंपाचा फ्यूज काढून, जोडावर फडकं धरून हळू सोडा, आसपास दिवा-विडी नको. ड्राइव्ह शाफ्ट ओढण्याआधी गिअर ऑइल काढा. मी विसरलो. गुऱ्हाळाच्या कोब्यावर पसरलेला तो वास मामांना गुऱ्हाळ लागेपर्यंत पुरला.

गाडीखाली जायचं तर गाडी घोड्यांवरच (लोखंडी स्टँडवर), नुसत्या जॅकवर कधीही नाही. इंजिन लटकत असताना त्याखाली हात, पाय, डोकं, काही नाही.

चढवण्याआधी

आणलेलं इंजिन तसंच चढवायचा मोह होतो, कारण दसरा जवळ आलेला असतो. ते जमिनीवर आहे तोवर दोनशे रुपयांचा सील दहा मिनिटांत बदलतो. चढल्यावर तोच सील गळला तर गिअरबॉक्स पुन्हा खाली. म्हणून क्रँकचा मागचा ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टॅपेट कव्हरचं गॅस्केट, क्लच प्लेट-प्रेशर प्लेट-रिलीज बेअरिंगचा सेट, आणि चिरलेली माउंटिंग, हे सगळं नवं. माझे १४ हजार इथे गेले आणि एकाही रुपयाचं मला वाईट वाटत नाही.

ईसीयू आणि वायरिंग मात्र गाडीचंच ठेवा. इमोबिलायझर असलेल्या गाडीत किल्ली ईसीयूशी बांधलेली असते, दुसरा ईसीयू लावला की गाडी तुम्हालाच चोर समजते.

आणि जुनं इंजिन का मेलं ते सापडल्याशिवाय नवं चढवू नका. माझ्या रेडिएटरचा पंखा फिरत होता, होज शाबूत होता. रेडिएटर काढून उलटा केला तेव्हा त्यातून विटकरी चिखल आला. वर्षानुवर्षं आम्ही त्यात कूलंटऐवजी विहिरीचं पाणी ओतत आलो होतो. क्षारांनी आणि गंजानं नळ्या बुजल्या, कॅपचा रबर गेला, दाब टिकेना, आणि पाणी हळूहळू उडून गेलं. रेडिएटर आणि कॅप नवी घेतली. तो जुना रेडिएटर तसाच ठेवला असता तर २२ हजारांचं इंजिन त्याच घाटात पुन्हा बसलं असतं.

गिअरबॉक्स जोडताना क्लच प्लेट मधोमध बसवायची दांडी वापरा. शाफ्ट शिरत नसेल तर बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेऊ नका, तिथे केसिंगला चीर जाते. फ्लायव्हील हातानं थोडं फिरवा, गिअरबॉक्स किंचित हलवा, आणि एका क्षणी तो "टप्" असा आवाज करून आपोआप बसतो. त्या आवाजासाठी आम्ही दोघं पाऊण तास घाम गाळत होतो.

पहिला सेल्फ

ऑइल, कूलंट, गिअर ऑइल भरलं हे दोघांनी वेगवेगळं तपासा. प्लग काढून, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं सेल्फ मारा, म्हणजे बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचतं. मग प्लग आणि फ्यूज लावून चालू करा. पुढची चाकं थोडी उंचावर, हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरचं झाकण उघडं, आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा. अडकलेली हवा गेली नाही तर काटा पुन्हा खोटं बोलेल. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी जागेवरच ठेवा आणि टॉर्च घेऊन खालून गळती शोधा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पातळी बघा, माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळा. बोअर करून घेतलेलं इंजिन असेल तर पहिले हजार किलोमीटर घाट आणि भरलेली गाडी टाळा.

आरटीओत इन्स्पेक्टरनं बॉनेट उघडायला लावलं, टॉर्च मारून नंबर वाचला, बिलाशी ताडला. "कुणी बसवलं?" मी म्हटलं, मीच. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे बघितलं आणि कागद पुढे सरकवला.

जुनं इंजिन भंगारात देताना त्याच्या नंबरासह पावती घ्यायला विसरू नका, ती आरसीच्या फाइलमध्ये राहू द्या. माझं देऊन टाकायच्या आधी मामांनी त्यातला एक पिस्टन मागून घेतला. सध्या तो गुऱ्हाळात हिशेबाच्या वहीवर वजन म्हणून आहे.